किब्बरच्या बर्फात वाट पाडताना

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यातलं किब्बर हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच हिशेबाने कमी येतो, आणि ही गोष्ट पुस्तकापेक्षा पहिल्या जिन्यावर जास्त नीट कळते. मी फेब्रुवारीत गेले होते. उद्देश एकच होता, चालायचं. कुठलं शिखर नको होतं, कुठली खिंड ओलांडायची नव्हती. एकाच गावात मुक्काम करायचा आणि त्याच्या आसपास, जितकं बर्फ जाऊ देईल तितकं, रोज पायी हिंडायचं, एवढंच ठरवलं होतं.

हिवाळ्यात मनालीकडून येणारा कुंझुम खिंडीचा रस्ता बंद असतो. मग उरतो तो सिमला, रामपूर, किन्नौरवरून सतलज आणि पुढे स्पिती नदीच्या काठाने येणारा लांबचा रस्ता. मला हा लांबचा रस्ता हिवाळ्याची सर्वांत मोठी कृपा वाटते. तो हळूहळू चढतो. कल्पा, नाको, ताबो, काझा असे मुक्काम घेत आलं की शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात मनालीहून एका दिवसात काझा गाठणारे लोक डोकं धरून बसलेले असतात. तसं होऊ द्यायचं नसेल तर थंडी सोसून हाच रस्ता धरावा.

किब्बरमधली घरं मातीची, पांढऱ्या रंगाची, खिडक्यांना काळी चौकट, वर सपाट धाबं. धाब्याच्या कडेने सुकी झुडपं आणि चारा रचून ठेवलेला. खालच्या मजल्यावर गुरं, वरती माणसं. थंडीत सगळं घर एका खोलीत येऊन राहतं, जिथे मधोमध लोखंडी तंदूर पेटलेला असतो आणि त्याचं धुराडं छतातून बाहेर जातं. मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या घरमालकांनी आल्याआल्या सांगून टाकलं, "आज कहीं नहीं जाना, मॅडमजी. पानी पियो, बैठो." पाणी भरपूर प्यायचं, जेवण हलकं घ्यायचं, दिवसा झोपायचं नाही, आणि डोकं ठणकायला लागलं तर लपवायचं नाही. दुखणं वाढत गेलं तर खाली उतरायचं, त्यावर दुसरा इलाज शोधत बसायचं नाही. त्यांच्या घरात हे नियम पाहुण्याला पाण्याच्या पेल्याबरोबरच मिळतात.

पहिलं चालणं पाण्यापर्यंतचं. गावातले नळ हिवाळ्यात गोठतात, म्हणून जिथे पाणी वाहतं राहतं तिथून कॅन भरून आणावे लागतात. घरमालकांची आई पाठीवर कॅन घेऊन निघाली तेव्हा मी तिच्या मागे निघाले. अंतर अगदी थोडं, पण वाटेत सांडलेलं पाणी रात्रीत गोठून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. तंदूरमधली राख त्यावर टाकलेली होती. जिथे राख तिथे पाय, हे आजींनी न बोलता दाखवून दिलं. बर्फात टाच आधी टेकली की घसरायला होतं. पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, पाऊल लहान घ्यायचं, गुडघे सैल ठेवायचे आणि अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवायचा. सह्याद्रीत उतरताना आपण मागे रेलतो, कारवीला धरतो. इथे ती सवय सोडावी लागते. बुटांना लावायचे लहान खिळ्यांचे पट्टे, ज्यांना मायक्रोस्पाइक्स म्हणतात, ते माझ्याकडे होते आणि गोठलेल्या वाटेवर त्यांचा फार उपयोग झाला. भुसभुशीत बर्फात मात्र त्यांच्या तळाशी गोळे जमतात, तिथे ते काढून ठेवलेलेच बरे.

कपड्यांबद्दल थोडक्यात: अंगाला घाम येऊ देऊ नये. चढ लागण्याआधी एक थर उतरवायचा, थांबलं की लगेच चढवायचा. मोजे ओले झाले तर फिरणं तिथेच संपवायचं. बाकी सगळं पुढेमागे होऊ शकतं.

गावातल्या गल्ल्यांची हिवाळ्यात वेगळीच रचना होते. बर्फ पडून गेलं की प्रत्येक घरातलं कुणीतरी लाकडी फावडं घेऊन धाब्यावर चढतं. मातीच्या छतावर बर्फ राहू देऊन चालत नाही. उन्हाने ते वितळलं की पाणी मातीत मुरतं आणि घरात गळतं. वरून ढकललेलं बर्फ गल्लीत पडतं, तिथे साचतं, तुडवलं जातं, त्यावर पुन्हा पडतं. त्यामुळे वाटच वर उचलली जाते. काही ठिकाणी मी शेजारच्या खिडकीच्या पातळीवरून चालत होते. अशा गल्लीत समोरून याक आला तर बाजूला व्हायला जागा नसते. आधी आवाज द्यायचा, मग वळण घ्यायचं. समोरून माणूस आला तर नमस्काराचं "जुले" म्हणायचं आणि ज्याच्या पाठीवर ओझं आहे त्याला तुडवलेली बाजू द्यायची.

हळूहळू गावाबाहेर पडू लागले. रोज जवळपास त्याच वाटा. एक वाट गावामागच्या उतारावर, जिथून कानामोचं जवळपास ६,००० मीटर उंचीचं शिखर दिसतं. दुसरी शेतांच्या कडेने घळीच्या काठापर्यंत. तिसरी समोरच्या चिचम गावाच्या पुलाकडे. त्याच त्या वाटांवर चालण्याचा कंटाळा येईल असं आधी वाटलं होतं. पण कालची वाट आज कधीच तशी नसायची, आणि हा बदल नेमका कशामुळे झाला हे शोधण्यात माझं मन इतकं गुंतलं की पुढे लांब जायची इच्छाच कमी झाली.

स्पिती हा पर्जन्यछायेचा प्रदेश. मोसमी पाऊस हिमालयाच्या दक्षिण उतारांवर थकून जातो आणि इथे फारसा पोचत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, बर्फ आणतात, त्यावरच इथली वर्षभराची शेती आणि झरे. पडणारं बर्फ कोरडं असतं. मुठीत दाबून त्याचा गोळा होत नाही, ते बोटांमधून निसटतं. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, आणि त्या पोकळ्यांमध्ये आवाज शोषला जातो. म्हणून बर्फ पडून गेल्यावर गाव इतकं शांत वाटतं की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला तरी तो लांब कुठेतरी असल्यासारखा ऐकू येतो. दोन दिवस वारा लागला की हेच बर्फ घट्ट बसतं, वरून लाटालाटांचं होतं, आणि मग आवाज पुन्हा दूरवर जाऊ लागतो.

पावलांच्या आवाजावरून थंडी कळते, हे मला तिथेच उमगलं. पारा शून्याच्या खाली दहाच्याही पलीकडे गेला की बर्फाचे कण पायाखाली मोडतात, एकमेकांवर घासतात आणि कर्रकर्र वाजतात. दुपारी, पारा शून्याकडे सरकला की कणांभोवती पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि पाऊल मुकाट्याने बुडतं. सकाळी बाहेर पडताना वाट करकरली की मी कानटोपी आणखी खाली ओढायचे.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बर्फाचं कवच. दुपारच्या उन्हाने वरचा थर किंचित वितळतो, रात्री गोठतो आणि त्याची कडक साय तयार होते. सकाळी ती माणसाचं वजन पेलते. नऊ-साडेनऊपर्यंत मी शेतांवरून सरळ चालत जाऊ शकत होते, पायाला नुसता टक्टक् आवाज. दुपार झाली की त्याच जागी पाय गुडघ्यापर्यंत आत जायचा, आणि प्रत्येक पाऊल उपसून काढण्यात दम संपायचा. त्यामुळे दिवसाचा आराखडा असा ठरला: सकाळी लवकर, उघड्या शेतावरून जायचं, आणि परतताना गावकऱ्यांनी तुडवून घट्ट केलेल्या वाटेनेच यायचं. तुडवलेली वाट अरुंद असते, जेमतेम एका माणसाची. तिच्यावरून एक पाऊल बाजूला पडलं की काठी मुठीपर्यंत आत जाते. ती काढली की भोकाच्या तळाशी फिकट निळा रंग दिसतो. प्रकाश बर्फातून आत-बाहेर करताना त्यातला लाल भाग शोषला जातो आणि निळा उरतो. हे कारण माहीत असूनही मी प्रत्येक वेळी वाकून बघत राहायचे.

डोळ्यांची काळजी घेण्याबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. ताजं बर्फ अंगावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतं, आणि उंचीमुळे अतिनील किरण आधीच तीव्र असतात. वरून येणारं ऊन टोपी अडवते, खालून येणारं अडवत नाही. गडद, कडेने बंद असलेला चष्मा ढगाळ दिवशीसुद्धा लावावा. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही उन्हाचं मलम लावावं. बर्फाने डोळे भाजले तर ते काही तासांनी, बहुतेक रात्री कळतं, आणि ती वेदना फार वाईट असते.

काही दिवसांनी लक्षात आलं की इथल्या सगळ्या वाटा ऊन ठरवतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवरचं बर्फ लवकर जातं, आणि बरंचसं पाणी न होताच जातं. हवा इतकी कोरडी आणि ऊन इतकं कडक की बर्फाची थेट वाफ होते. तिथे खालचं पिवळं गवत उघडं पडतं. उत्तरेकडच्या उतारांवर मात्र तेच बर्फ वसंतापर्यंत टिकतं. उघड्या गवतावर भरल येतात. भरल म्हणजे निळसर राखाडी अंगाची डोंगरी मेंढरं, जी शेजारच्या खडकांत मिसळून जातात. त्यांच्यामागे हिमबिबट्या येतो. गावातली माणसंसुद्धा गुरं बाहेर काढायची तर त्याच उतारांकडे नेतात. म्हणजे माणूस, गुरं, भरल आणि बिबट्या, सगळेच थंडीत त्याच चार-दोन उबदार उतारांवर जमतात. किब्बरमध्ये हिमबिबट्या दिसण्याची शक्यता हिवाळ्यात जास्त असते, ती यामुळे. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांचा मीलनाचा काळ, तेव्हा ते जास्त फिरतात, आवाजही देतात.

ठसे वाचायला मला घरमालकांनी शिकवलं. हिवाळ्यात ते पाहुण्यांबरोबर माग काढणारे म्हणून काम करतात. कोल्हा चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशात टाकतो, त्यामुळे त्याची रेघ दोरी धरून आखल्यासारखी सरळ जाते. गावातला कुत्रा इकडेतिकडे हुंगत वाकडातिकडा जातो आणि त्याच्या नखांच्या खुणा स्पष्ट उमटतात. सशाचे मोठे मागचे पाय पुढे आणि लहान पुढचे पाय मागे उमटतात, त्यामुळे तो कुठल्या दिशेला गेला हे नवख्या माणसाला उलटंच वाटतं. हिमबिबट्याचा ठसा गोलसर, नखांविना, आणि पंजाखाली केस असल्यामुळे कडा थोड्या धूसर. कधीकधी ठशांच्या मधून शेपटी घासत गेल्याची रेघ असते. त्याची शेपटी जवळपास मीटरभर लांब असते, कड्यांवर तोल सांभाळायला आणि झोपताना तोंडाभोवती गुंडाळायला उपयोगी पडते.

ठसा किती जुना, हे ओळखणं जास्त अवघड. ताज्या ठशाच्या कडा टोकदार असतात आणि आतले कण सुटे. रात्र गेली की आतला भाग घट्ट होतो. उन्हात तो पसरतो. दोन दिवस ऊन खाल्लेला कोल्ह्याचा ठसा एवढा मोठा दिसतो की नवा माणूस हरखून जाईल. म्हणून एका ठशावर कधी थांबायचं नाही. सावलीत गेलेला त्याच रांगेतला दुसरा शोधायचा. सावलीतला ठसा खरं माप सांगतो. ही एक गोष्ट कळल्यावर माझं चालणं बदललं. मी वाटेकडे बघताना कुठे सावली, कुठे ऊन, कुठे वारा, हे आपोआप बघू लागले.

बिबट्याही पाहिला. घळीच्या पलीकडच्या कड्यावर, दुर्बिणीतून, खडकावर झोपलेला. घरमालकांनी जागा दाखवूनसुद्धा मला तो दिसायला बराच वेळ लागला, आणि दिसल्यावर डोळे भरून आले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत, त्यातले ४७७ लडाखमध्ये आणि ५१ हिमाचलमध्ये. त्या थोड्यांपैकी एक समोर निवांत झोपला होता. घळीच्या काठावर मोठमोठ्या लेन्स लावून बसलेल्यांची गर्दी होती. त्यातले बरेच जण गाडीतून इथवर यायचे, फोटो झाला की निघून जायचे. त्यांच्या हौसेबद्दल मला आदर आहे. पण त्याच सकाळी बिबट्या गावाच्या अगदी कडेने गेल्याचे ठसे वाटेवर पडलेले होते, आणि ते पाहायला कुणीच चालत गेलं नव्हतं, याची हळहळ वाटली.

बिबट्या आणि गावाचं नातं नेहमी असं नव्हतं. कोंडवाड्यात शिरून तो एका रात्रीत बऱ्याच मेंढ्या मारायचा, आणि नुकसान झालेल्या घराचा राग समजण्यासारखाच होता. १९९२ मध्ये इथे किब्बर वन्यजीव अभयारण्य झालं, क्षेत्र २,२०० चौरस किलोमीटरहून अधिक. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं काम गावाने स्वतः केलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेबरोबर बसून किब्बरच्या लोकांनी आपल्या चराऊ जमिनीचा एक भाग भरलांसाठी मोकळा सोडला. त्याबदल्यात गावाला मोबदला मिळाला. पुढे गुरांचा विमा आला, ज्यात गावकरीही हप्ता भरतात. त्या सोडलेल्या उताराच्या कडेने मी रोज जात होते. कुंपण नाही, फलक बर्फात बुडालेला, तरी गावची गुरं तिकडे वळत नव्हती, कारण हाकणाऱ्याला हद्द पाठ होती.

चिचमच्या पुलापर्यंतची वाट मला सर्वांत आवडली. किब्बर आणि चिचम समोरासमोर, मध्ये खोल, सरळसोट घळ. २०१७ मध्ये पूल झाला. त्याआधी तारेवर टांगलेल्या ट्रॉलीत बसून, दोर हाताने ओढत लोक पलीकडे जायचे. सामान, आजारी माणसं, शाळकरी पोरं, सगळं त्यातूनच. चिचममधल्या एका आजोबांनी ते हातवारे करून सांगितलं. थंडीत दोर कडक व्हायचा आणि हातमोजे त्याला चिकटायचे, हे सांगताना त्यांनी तळहात पुढे केले. आता पुलावरून पाच मिनिटांत पार होता येतं. पण घळीतून वर येणारा वारा पुलावर झोडपून काढतो. उणे १५ तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २६ असल्यासारखी थंडी लागते. पुलावर फोटोसाठी हातमोजा काढायचा तर आधी पाठ वाऱ्याकडे करायची, सेकंद मोजायचे आणि पुन्हा घालायचा. खाली पाहिलं तर कड्यांच्या भेगांत गोठलेले झरे, आणि त्यांच्या वरून पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे वाऱ्यावर अंग टाकून गिरक्या घेत होते.

मग एक दिवस आणि रात्र बर्फ पडत राहिलं. त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंतच गेले. ढग खाली उतरले की आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्यात मिसळतात, सावली पडत नाही, आणि पुढचं पाऊल चढावर आहे की खड्ड्यात हे डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी हिंडण्यात काही शौर्य नाही. आजींबरोबर तंदूरजवळ बसून लोकर पिंजत राहिले.

दुसऱ्या दिवशी निळं आकाश आणि कमरेएवढं बर्फ. पाण्याची वाट नाहीशी झाली होती, आणि ती नव्याने पाडायची होती. दहाबारा माणसं रांगेने निघाली. सर्वांत पुढचा पाय उचलून, छातीने बर्फ ढकलत खड्डा करतो, मागचा त्याच खड्ड्यात पाय ठेवून तो दाबतो, तिसरा आणखी. पुढचा दमला की तो बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जातो आणि दुसरा पुढे येतो. कुणी कुणाला सांगत नव्हतं. मी मागून चालत होते, मग घरमालकांनी वळून विचारलं, "मॅडमजी, थोडा आगे आओगे?" मी पुढे झाले. मोजून सांगण्यासारखं अंतर नव्हतंच ते, पण छाती भात्यासारखी चालू लागली, कानात ठोके ऐकू येऊ लागले, आणि मागून बायका हसत, ओरडत मला चढवत होत्या. मी बाजूला झाले तेव्हा मागच्या आजी माझ्याच खड्ड्यात पाय ठेवून पुढे गेल्या. संपूर्ण मुक्कामात मला सर्वांत मोठा आनंद त्या घटकेचा झाला. तोवर मी गावाने पाडलेल्या वाटांवरून फुकट फिरत होते.

त्याच दिवशी घरमालकांनी उतारांचा नियमही समजावला. ताजं बर्फ पडल्यावर दोन दिवस तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांखालून जायचं नाही, कारण हिमस्खलन बहुतेक तिथेच सुटतं. दुपारी ऊन लागल्यावर तर नाहीच. वाटेवर वरून घरंगळलेले लहान गोळे दिसू लागले की मागे फिरायचं. ‘की गोंपा’ या बौद्ध मठाकडे उतरणारी वाट याच कारणाने आम्ही दोन दिवस टाळली. नंतर सकाळी लवकर निघून गेलो. टेकडीवर एकावर एक रचलेल्या खोल्यांचा तो मठ, १९७५ च्या भूकंपात जखमी होऊन पुन्हा उभा राहिलेला, आणि खाली गोठलेल्या कडांमधून वाहणारी स्पिती नदी. तिथले लामा छतावरचं बर्फ ढकलत होते, अगदी किब्बरसारख्याच लाकडी फावड्यांनी.

हिवाळ्यात जायचं असेल तर मी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पूर्वार्ध सुचवेन. थंडी किंचित उतरलेली असते, दिवस मोठा होतो आणि बर्फ टिकून असतं. किन्नौरमध्ये दरडी कोसळून रस्ता बंद होतो, काझ्याच्या पुढेही बर्फाने अडतो, म्हणून परतीच्या तिकिटाआधी चारपाच दिवस मोकळे ठेवा. रस्ता उघडा राहिला तर ते दिवस दुसऱ्या गावांच्या यादीत घालवू नका. किब्बरमध्येच राहा, आणि सकाळी कुणी फावडं घेऊन निघालं तर त्यांना विचारा, आणखी एक फावडं आहे का.